या वाक्याचा कर्ता कोण?
गर्भपाताच्या कायद्याचं एक वाचन : साकोली येथील व्याख्यानाचं शब्दांकन



साकोलीत बोलायचं म्हटलं की आम्हांला थोडा संकोच होतो. बाहेरगावी माणूस आधी आमची पदवी ऐकतो, मग आम्हांला पाहतो. इथं समोर बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांनी आम्हांला सायकलवरून दळण नेताना पाहिलेलं आहे. दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’ वाचून पूर्वी काही लोक तापाचं औषध मागायला यायचे. त्यांना सांगावं लागे की बाबा, आम्ही तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, आमच्याकडं औषध काही नाही, फक्त प्रश्न आहेत.

आज विषय आहे गर्भपाताचा कायदा आणि त्यावरचे वाद. एका जुन्या सहकाऱ्यांनी फोन करून विचारलं, ‘सर, या वयात हा विषय कशाला? गीतेवर बोला.’ त्यांचा मुद्दा आम्ही समजू शकतो. आम्ही पुरुष, त्यात सत्तरी ओलांडलेले. ज्या देहाबद्दल हा कायदा आहे तो देह आमचा नाही. म्हणून आज बायकांनी काय करावं हे आम्ही सांगणार नाही. आम्ही जन्मभर मजकूर वाचायला शिकवलं. कायदा हाही मजकूरच आहे, न्यायालयाचा निकाल हाही मजकूरच. तो नीट वाचला तर काय दिसतं, एवढंच मांडू. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

गोष्ट १९८० नंतरच्या दशकातली. आमच्याकडं घरकामाला एक बाई येत. तीन मुलं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. नवरा विटभट्टीवर कामाला बाहेरगावी. बाईंना पुन्हा दिवस गेले. आमच्या सौभाग्यवतींजवळ त्या म्हणाल्या, ‘बाई, आता हे चवथं मले नाही झेपत जी.’ सौभाग्यवती त्यांना घेऊन एका दवाखान्यात गेल्या. तिथं सांगितलं, मालकाची सही आणा. मालक कुठं आहे तेच नीट माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा गेल्या, तेच उत्तर. मग बाई आमच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘मास्तर, सही कोनाची बी चालते म्हनते, पण मानसाची पायजे.’

आम्ही गेलो. कागदावर ‘भाऊ’ म्हणून सही केली. काम झालं. या सगळ्यात अकरा दिवस गेले होते.

त्या सहीचा आम्हांला पुष्कळ वर्षं अभिमान होता. वर्गात कान्ट शिकवताना, खोटं कधीच बोलू नये म्हणणारा हा गृहस्थ किती ताठर आहे हे सांगायला आम्ही नाव न घेता हे उदाहरण द्यायचो. पुढं निवृत्तीच्या आसपास एका चर्चासत्रासाठी मूळ कायदा हातात घेतला आणि खजील झालो. सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्यानं फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची लागत नाही, बापाची नाही, भावाची तर नाहीच. १९७१पासून असंच आहे. म्हणजे आम्ही त्या दिवशी बाईंना मदत केली हे खरं, पण पुरुषाची सही लागते हा खोटा नियम त्या टेबलावर आम्ही स्वतःच्या हातानं पक्का करून आलो. ‘यांची सही लागतच नाही’ असं म्हणायला हवं होतं. ते म्हणायला कायदा माहीत असावा लागतो, आणि तो आम्हांला माहीत नव्हता.

तेव्हापासून आम्ही हा कायदा वेगळ्या तऱ्हेनं वाचतो. शाळेत व्याकरणाच्या तासाला गुरुजी विचारायचे, या वाक्यात कर्ता कोण? कर्म कोणतं? तोच प्रश्न आम्ही कायद्याला विचारतो.

सुरुवात १८६०च्या भारतीय दंडसंहितेपासून. कलम ३१२ : गर्भवतीचा गर्भपात घडवून आणणं हा गुन्हा, तिचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेनं केला असेल तर अपवाद. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि पोटात हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. त्याला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे : स्वतःचा गर्भपात स्वतः करणारी स्त्रीही या कलमात येते. १ जुलै २०२४पासून दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. कलमाचा आकडा ८८ झाला, स्पष्टीकरण तिथंच राहिलं.

आता १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा, आपण ज्याला एमटीपी ॲक्ट म्हणतो तो. त्याचं मुख्य कलम तिसरं. त्यातल्या पहिल्या वाक्याचा आशय असा, की दंडसंहितेत काहीही म्हटलेलं असलं तरी, या कायद्याप्रमाणे गर्भपात केला असेल तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक गुन्ह्याला पात्र ठरणार नाही. बघा, वाक्याचा कर्ता डॉक्टर आहे. संरक्षण डॉक्टरला. पुढं अटी येतात, त्यांतही मत बनवायचं ते डॉक्टरनं, सद्भावनेनं. बाईच्या जिवाला धोका आहे का, तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल का, मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मेल का, हे डॉक्टर ठरवणार. बाईनं संमती द्यायची. संमती म्हणजे दुसऱ्याच्या निर्णयाला दिलेला होकार. निर्णय तिचा आहे असं कायदा कुठंच म्हणत नाही.

दोन्ही कायदे शेजारी ठेवा. गुन्हा म्हणून गर्भपात होतो तेव्हा बाई कर्ता असू शकते. परवानगीनं गर्भपात होतो तेव्हा कर्ता डॉक्टर. एवढी एकच गोष्ट आज आम्हांला सांगायची आहे. बाकीचं तिचं विवरण.

कायदा करणारे वाईट होते असं कुणी समजू नये. १९६४ साली सरकारनं एक समिती नेमली. अध्यक्ष शांतिलाल शाह, त्या वेळचे आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. १९६६ साली अहवाल आला. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, काड्या, मुळ्या, वैदू, काय वाट्टेल ते चालत होतं. ते थांबवायचं तर शिकलेल्या डॉक्टरच्या मनातली तुरुंगाची भीती काढणं भाग होतं. म्हणून कायदा डॉक्टरला उद्देशून लिहिला गेला. त्या काळी जगातल्या फार थोड्या देशांनी असं पाऊल टाकलं होतं. त्यानं असंख्य जीव वाचले, हे आम्ही नम्रपणे मान्य करतो. आमची तक्रार एवढीच, की डॉक्टरला धीर देण्यासाठी घडवलेलं वाक्य पन्नास वर्षांनंतरही बाईच्या हक्काचं वाक्य म्हणून वापरलं जातं, आणि ते तिला पुरत नाही.

कर्त्याचा हा प्रश्न आपल्याकडं नवा नाही, आणि विदर्भात तर मुळीच नाही. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात अर्भक मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढं शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणं सुरू झालं. त्यावर आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. त्यांनी विचारलं ते थोडक्यात असं : आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बाईच कशी? पुनर्विवाह बंद करणारे कुठं आहेत? आणि त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं बाईला ‘तू हे का केलंस’ विचारत नव्हते. ‘ये, बाळंत हो’ म्हणत होते. कायदा गुन्हेगार शोधत होता, फुले दांपत्य बाईची अडचण सोडवत होतं. हा फरक लक्षात ठेवू या.

आता आमच्या विषयाकडं, म्हणजे तत्त्वज्ञानाकडं. १९७१ हे साल गमतीचं आहे. ऑगस्टमध्ये आपल्याकडं हा कायदा झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेत ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन या विदुषीचा गर्भपाताच्या समर्थनाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातलं उदाहरण आम्ही किती वर्षं वर्गात सांगितलं असेल! समजा, सकाळी तुम्ही जागे झालात, आणि एक नामवंत व्हायोलिनवादक तुमच्या शरीराला नळ्यांनी जोडलेला आहे. त्याच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. नऊ महिने तुमच्या किडन्या त्यानं वापरल्या तर तो जगेल. त्याला जगण्याचा हक्क आहे हे मान्य. पण त्या हक्कातून तुमचं शरीर वापरण्याचा हक्क निघतो का? थॉमसनबाई म्हणतात, निघत नाही. मुलं चक्रावून जायची, वर्ग रंगायचा. आणि आम्ही रंगलेला वर्ग सोडून घरी यायचो, जिथं भांडी घासणाऱ्या बाईंना सही मिळत नव्हती. दोहोंचा काही संबंध आहे हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

मुद्दा असा, की अमेरिकेतला वाद हक्काविरुद्ध हक्क असा उभा राहिला : बाईचा हक्क की गर्भाचा? १९७३ साली रो विरुद्ध वेड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बाईचा हक्क मानला, २४ जून २०२२ला डॉब्स खटल्यात काढून घेतला. तेव्हा आपल्याकडं अनेकांनी अभिमानानं लिहिलं, बघा, आपण अमेरिकेच्या पुढं आहोत. मंडळी, तुलनाच चुकते आहे. त्यांच्याकडं हक्क होता, तो गेला. आपल्या या कायद्यात हक्क नाहीच, परवानगी आहे. परवानगी उदार असू शकते, पण ती मागावी लागते, आणि मागणाऱ्याला थांबावं लागतं.

थांबण्याची किंमत काय असते ते बेळगावच्या एका घराला विचारा. सविता हलप्पनवार, दंतवैद्य, माहेर बेळगावचं. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात २०१२च्या ऑक्टोबरात, सतरा आठवड्यांची गरोदर असताना, गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं. तिनं गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके सुरू होते म्हणून नाकारला गेला. जंतुसंसर्गानं २८ ऑक्टोबरला ती गेली. तिथल्या राज्यघटनेनं १९८३पासून आईच्या आणि गर्भाच्या जिवाला समान हक्क दिला होता. कागदावर किती न्याय्य वाटतं! प्रत्यक्षात डॉक्टर कायद्याच्या भीतीनं वाट पाहत बसले. २०१८ साली आयरिश जनतेनं सार्वमतानं ते कलम काढून टाकलं. त्या मतदानात आपल्या सीमाभागातल्या त्या मुलीचा फोटो घरोघरी होता.

आता आपल्या न्यायालयांकडं वळू. इथं आम्ही जरा टीकाकाराच्या भूमिकेत शिरतो, पण न्यायमूर्तींबद्दल पूर्ण आदर ठेवून.

२००८ साली मुंबई उच्च न्यायालयात डॉ. निखिल दातार आणि एक दांपत्य गेलं. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष सापडला होता. तेव्हा मर्यादा वीस आठवड्यांची, आणि गर्भ होता सव्वीस आठवड्यांच्या घरात. न्यायालयानं परवानगी नाकारली. कायदा बदलणं हे संसदेचं काम, हा त्यांचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीनं चुकीचा नव्हता. पुढं थोड्याच दिवसांत त्या बाईंचा गर्भ आपोआप पडला. हा खटला हरला, पण त्यानं देशाला एक साधी विसंगती दाखवून दिली. गर्भातले दोष दाखवणारी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होते, आणि कायद्याचं दार विसाव्या आठवड्याला बंद होतं. दोष कळायचा आणि दार लागायचं, एकाच वेळी.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सुचिता श्रीवास्तव खटल्यात सांगितलं की प्रजननाबाबतची निवड हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे. गंमत अशी, की तिथं प्रश्न उलटा होता. चंदीगडच्या आश्रयगृहातल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीला मूल हवं होतं, आणि प्रशासनाला तिचा गर्भपात करायचा होता. न्यायालयानं तिचं ऐकलं. आमच्या मते हा निकाल फार महत्त्वाचा, कारण त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही एकाच व्यक्तीचे ठरतात. निर्णय तिचा, हे तत्त्व गर्भपाताच्या बाजूचं नाही आणि विरोधातलंही नाही. ते बाईच्या बाजूचं आहे.

२०१६ साली भायखळ्याच्या तुरुंगातल्या गरोदर कैद्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून हाती घेतला. न्या. ताहिलरामानी आणि न्या. मृदुला भाटकर यांनी बजावलं, की गर्भ बाईच्या देहात वाढतो, तिच्याच मनावर आणि आयुष्यावर त्याचा भार पडतो, तेव्हा ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे.

मग २०२१ची दुरुस्ती आली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, चोवीसपर्यंत दोघांचं, पण तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी : बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा वा घटस्फोटित झालेल्या, अपंग, आणि असेच आणखी काही. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. हे चांगलं झालं. २९ सप्टेंबर २०२२ला न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांच्या खंडपीठानं अविवाहित स्त्रियांनाही त्या चोवीस आठवड्यांच्या गटात आणलं, आणि गर्भपातापुरता तरी नवऱ्यानं केलेला बलात्कारही बलात्कारच, असं म्हटलं. आम्ही तो निकाल वाचला तेव्हा मनापासून आनंद झाला. पण पुन्हा वाचताना खटकलं. निकालाची भाषा स्वातंत्र्याची आहे, आणि रचना अजून गटांचीच आहे. बाईला विचारलं जातं : तू कोणत्या रकान्यात बसतेस? रकाने वाढले, रुंद झाले. रकान्याशिवाय उभी राहणारी बाई अजून कायद्यात नाही.

हे बारकावे काढत बसणं आहे असं कुणाला वाटेल. पण वर्षभरातच त्याची परीक्षा झाली. ऑक्टोबर २०२३. दोन मुलांची आई, वय सत्तावीस. धाकट्याला दूध पाजत असल्यानं पाळी आलेलीच नव्हती, त्यामुळं दिवस गेल्याचं फार उशिरा कळलं. बाळंतपणानंतरचा गंभीर मानसिक आजार होता, औषधं चालू होती. गर्भ सव्वीस आठवड्यांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ९ तारखेला परवानगी दिली. मग एम्सच्या एका डॉक्टरांनी कळवलं की गर्भ जगू शकतो, ठोके थांबवायचे का? ११ तारखेला त्याच दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. १६ तारखेला तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. कारण? आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, गर्भात व्यंग नाही. म्हणजे ती कुठल्याच रकान्यात बसली नाही. आणि मंडळी, अंगावर पिणारं मूल, चुकलेली पाळी, ‘आता झेपत नाही’ हे शब्द आम्ही या गावात चाळीस वर्षांपूर्वी ऐकले होते.

उलट जानेवारी २०२३चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल पाहा. गर्भ बत्तीस आठवड्यांच्या पुढं, त्यात मेंदूच्या वाढीचे गंभीर दोष. वैद्यकीय मंडळानं उशीर झाला म्हणून नकार दिला होता. न्या. गौतम पटेल आणि न्या. दिगे यांनी सांगितलं, गंभीर व्यंग असेल तर कायद्यात आठवड्यांची मर्यादाच नाही, आणि निवड त्या बाईची आहे, मंडळाची नाही. इथं कर्ता बदलला. आम्हांला हा निकाल मराठी मुलखातल्या न्यायाचा एक उजळ क्षण वाटतो.

पण थांबा. आमचं समाधानही पुरतं नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर काय शिल्लक राहतं? गर्भात व्यंग असेल तर बत्तीस आठवड्यांनंतरही चालतं. बाईचं मन मोडून पडलं असेल तर सव्वीसला चालत नाही. याचा अर्थ कायद्याच्या मते गर्भाचं मोल त्याच्या धडधाकटपणावर ठरतं, आणि बाईच्या यातनेचं वजन त्याहून कमी. अपंग मुलं वाढवणारे आईबाप या सभागृहातही असतील. त्यांना या वाक्यातून काय ऐकू येत असेल? निवड बाईची असती तर कायद्याला कोणाचा जन्म कमी मोलाचा हे सांगावंच लागलं नसतं. कायदा बाईला कर्ता मानत नाही, म्हणून त्याला गर्भांमध्ये प्रतवारी लावावी लागते. धानाची लावतात तशी.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. आम्ही तो टाळणार नाही. ‘सर, बाईचं कारण विचारायचंच नाही म्हणता, मग मुलगी आहे म्हणून पाडायला येतील त्यांचं काय?’ महाराष्ट्राला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य आपलं, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४चा. तरीही २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८९४ मुली भरल्या, बीड जिल्ह्यात ८०७. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या आपल्या जिल्ह्यांत स्थिती पुष्कळ बरी होती. झाडीपट्टीला लोक मागास म्हणतात, या बाबतीत मागास राहिलो ते बरं झालं!

आमचं उत्तर असं. लिंगनिदानाचा कायदा यंत्र चालवणाऱ्याला आणि माहिती विकणाऱ्याला पकडतो. ते योग्य आहे, आणखी कडक व्हावं. पण गावोगाव दोन्ही कायद्यांची गल्लत झाली. तपासणीच्या धाकानं औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवायला कचरतात, डॉक्टर चार महिने उलटलेल्या बाईला दारातूनच परत पाठवतात. पापी राहतात बाजूला, शिक्षा गरीब बाईला. आणि दुसरं : ‘मुलगाच पाहिजे’ हा निर्णय कितीदा खरोखर तिचा असतो? सासूचा, नवऱ्याचा, गोतावळ्याचा असतो. ज्या घरात निर्णय तिचा असेल त्या घरात मुलीही जास्त वाचतील असं आम्हांला वाटतं. सगळ्या वाचतील का? नाही. काही बायका स्वतःच्या मनानंही तसं ठरवतील. याला आमच्याकडं स्वच्छ उत्तर नाही. तरीही प्रत्येक बाईची उलटतपासणी घेणारा कायदा त्यावरचा उपाय आहे, असं आम्ही मानत नाही.

आणि गर्भाचं काय? तो काहीच नाही का? आम्ही असं म्हणत नाही. सहा आठवड्यांचा गर्भ आणि तीस आठवड्यांचा गर्भ यांत नैतिक फरक आहे, दिवसागणिक त्याचा दावा वाढत जातो. एम्सच्या त्या डॉक्टरांना पडलेला प्रश्न खरा होता. त्यांची चेष्टा करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण तुम्ही आठवड्यांना एवढं महत्त्व देत असाल, तर मग उशीर कोण करतो हा प्रश्नही तुम्हांला विचारावा लागेल.

उशीर कसा होतो ते दिल्लीत दिसत नाही, साकोलीत दिसतं. पाळी चुकली. रोवणीचे दिवस, मजुरी बुडवून कोण जाणार? पंधरा दिवस गेले. गेली, तर सोनोग्राफीची तारीख पुढची. अहवालात काही आढळलं, तर भंडारा. तिथून नागपूर. इथून शंभरेक किलोमीटर, एक माणूस सोबत, दोघांची मजुरी, गाडीभाडं. चोवीसच्या पुढं असेल तर वैद्यकीय मंडळ. नियमानं मंडळानं तीन दिवसांत मत द्यायचं, मान्य झालं तर पाच दिवसांच्या आत गर्भपात. पण व्यंग नसेल आणि मुलगी बलात्कारपीडित असेल, तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. वकील, शपथपत्र, सुनावणी. गर्भ थांबत नाही, तो तारीख पे तारीख वाढत राहतो. मग न्यायालय सांगतं, आता फार उशीर झाला.

२०२४च्या एप्रिलमधलं मुंबईकडच्या चौदा वर्षांच्या मुलीचं प्रकरण आठवा. लैंगिक अत्याचार झालेला. ४ एप्रिलला उच्च न्यायालयानं नकार दिला. २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, तेव्हा गर्भ तीस आठवड्यांच्या उंबरठ्यावर. आठवडाभरानं, मुलीच्या जिवाला धोका वाटतो म्हणून आईवडिलांनीच माघार घेतली आणि परवानगी मागं घेतली गेली. कुणी दुष्टपणा केला नाही. प्रत्येकानं आपापलं काम केलं, आणि त्यात मुलीचे आठवडे गेले. पुढं न्यायालयानं म्हटलं की अशा वेळी मुलीचं स्वतःचं म्हणणं महत्त्वाचं मानलं पाहिजे. हे आधीच विचारता आलं असतं.

म्हणून आमचं म्हणणं दोन वाक्यांत. पहिलं : सुरुवातीच्या महिन्यांत कायद्यानं सरळ म्हणावं, गर्भ ठेवायचा की नाही हे स्त्री ठरवील, डॉक्टरनं तिला सुरक्षित सेवा द्यावी. वाक्याचा कर्ता बदलावा, आणि न्याय संहितेतलं ते स्पष्टीकरण काढावं. दुसरं : नंतरच्या महिन्यांत डॉक्टरांचं मत लागणारच, पण उशीर व्यवस्थेमुळं झाला असेल तर त्याचा भुर्दंड तिच्या माथी मारू नये. एवढं झालं तर उशिरा येणाऱ्या बायकाच फार थोड्या उरतील, आणि गर्भाची काळजी असणाऱ्यांनाही यापेक्षा वेगळं काय हवं?

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांपैकी एक प्रश्न आणि त्याचं उत्तर इथं देत आहोत.)

प्रश्न : सर, मी आशा कार्यकर्ती आहे. तुम्ही म्हणता सही लागत नाही. पण दवाखान्यात आजही मागतात. बाई म्हणते, ताई, घरी कळलं तर मारतील. मी काय करू?

उत्तर : ताई, खरं व्याख्यान तुमचंच व्हायला हवं होतं. कायद्यात संमतीचा जो फॉर्म आहे, त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात, त्यावर सज्ञान बाईची स्वतःची सही किंवा अंगठा पुरतो. वय अठराच्या खाली असेल किंवा गंभीर मानसिक आजार असेल तरच पालकाची लागते. दुसरं, तिचं नाव फोडणं हा २०२१पासून डॉक्टरसाठी शिक्षेचा गुन्हा आहे. हे त्यांनाही शांतपणे सांगा. एकटीनं सांगणं जड जात असेल तर आम्हांला बोलवा. गुडघे दुखतात, पण येऊ. फक्त या वेळी सही करणार नाही. शेजारी उभे राहून एवढंच म्हणू, की साहेब, सही यांची, आणि ती झालेली आहे.